‘मग यातला बेस्ट पंथ कुठला?’

माझा पीएच.डी.चा विषय सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. मी म्हणते, ‘एकोणिसाव्या शतकातले मराठी ख्रिस्ती लोक.’ समोर दोन सेकंद शांतता. मग: ‘अच्छा! पण त्यांच्यातला बेस्ट पंथ कुठला? कॅथलिक की प्रोटेस्टंट?’ हे मला मेसमध्ये विचारलं गेलंय, ट्रेनमध्ये विचारलं गेलंय, आणि एकदा तर लग्नात जेवायच्या रांगेत, हातात ताट असताना.

पूर्वी मी हसून विषय बदलायचे. एम.एस्सी. रसायनशास्त्रात केल्यामुळे मनात पहिली शंका येते ती अशी: बेस्ट ठरवायचं, पण मोजायचं कशानं? हल्ली मात्र विषय बदलत नाही. कारण हाच प्रश्न एका मराठी बाईंनी आपल्यापेक्षा फार गंभीरपणे विचारला होता, आणि त्याचं ‘चुकीचं’ उत्तर दिलं तर त्यांचं बरंच काही जाणार होतं. राहायची जागा, शिक्षण, परक्या देशातली एकुलती एक ओळखीची माणसं. शिवाय मुलगी कुणाच्या शिकवणीत वाढणार, हेही.

बाई म्हणजे पंडिता रमाबाई. शाळेच्या पुस्तकात त्यांच्यावर दोन परिच्छेद असतात: संस्कृत विदुषी, विधवांसाठी शारदा सदन, केडगावचं मुक्ती मिशन. मधे एक वाक्य: ‘त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.’ बहुतेकांची समजूत अशी की तिथे धर्माचा प्रश्न संपला. खरं तर तिथे तो सुरू झाला.

मागची गोष्ट थोडक्यात. जन्म 1858. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं, त्यापायी लोकांचा रोष घेतला, आणि आयुष्य तीर्थयात्रा व पुराणं सांगण्यात घालवलं. आईवडील दोघेही 1870च्या दशकातल्या दुष्काळात गेले. 1878 मध्ये कलकत्त्यात रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी लग्न, मुलगी मनोरमा, आणि लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पती पटकीने गेले. 1882 मध्ये पुण्यात आर्य महिला समाज आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक. त्या पुस्तकाच्या विक्रीतून प्रवासखर्च उभा करून 1883 मध्ये त्या लहानग्या मनोरमेला घेऊन इंग्लंडला गेल्या. डॉक्टर व्हायचं होतं.

तिथे उतरल्या त्या वाँटेज गावी, सेंट मेरी द व्हर्जिन या सिस्टर्सच्या मठात. या सिस्टर्सचं पुण्यातही काम होतं, ओळख तिथूनच. करार सोपा होता: रमाबाईंनी भारतात जाणाऱ्या सिस्टर्सना मराठी शिकवायचं, सिस्टर्सनी त्यांची सोय बघायची. पण काही महिन्यांतच सोबत आलेल्या मैत्रिणीने, आनंदीबाई भगत यांनी, आत्महत्या केली. कमी ऐकू येत असल्यामुळे रमाबाईंचं डॉक्टर होणंही राहिलं. आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी 1885 मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली, पण ते अपवाद.

आता खरा विषय. बाप्तिस्मा घेतला म्हणजे नेमकं कशात प्रवेश केला?

आपल्याला दुरून ‘ख्रिस्ती’ हा एकच ठसा दिसतो. 1880 च्या इंग्लंडमध्ये तसं काही नव्हतं. राजाश्रय असलेलं चर्च ऑफ इंग्लंड होतं, आणि त्याच्या बाहेर बाप्टिस्ट, मेथडिस्ट, काँग्रिगेशनल, क्वेकर, युनिटेरियन, रोमन कॅथलिक. 1851 च्या धर्मविषयक गणनेत उपासनेला जाणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक राजमान्य चर्चच्या बाहेरचे निघाले होते. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची दारं या बाहेरच्यांना पूर्णपणे उघडली ती 1871 च्या कायद्याने. शिवाय खुद्द चर्च ऑफ इंग्लंडमध्येही तट होते. ‘हाय चर्च’वाल्यांना प्रेषितांपासून अखंड चालत आलेली बिशपांची परंपरा, विधी, मठ महत्त्वाचे. ‘लो चर्च’वाल्यांना बायबल आणि व्यक्तिगत पश्चात्ताप. ‘ब्रॉड चर्च’वाले म्हणत, बुद्धीला पटेल असा अर्थ लावायला काय हरकत आहे? वाँटेजच्या सिस्टर्स पक्क्या हाय चर्चच्या. रमाबाई 1884 मध्ये शिकायला आणि संस्कृत शिकवायला गेल्या त्या चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील बऱ्याच उदार मताच्या. म्हणजे एकाच चर्चमधल्या दोन बायका, आणि त्यांच्यामध्ये रमाबाई.

पुढे ‘अ टेस्टिमनी’ या 1907 च्या आत्मकथनात रमाबाईंनी स्वतःच लिहिलंय की ख्रिस्ती देशांत येऊन पंथांचा एवढा गोंधळ पाहिल्यावर त्या चक्रावून गेल्या. प्रत्येक जण बायबलचाच आधार देणार आणि प्रत्येकाचा निष्कर्ष वेगळा. मला हे वाचताना नेहमी वाटतं की हा गोंधळ त्यांना नवा नव्हता. द्वैत, अद्वैत, विशिष्टाद्वैत यांचे वाद त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. फरक इतकाच, की इथे वाद हरल्यावर शिक्षाही व्हायची.

भांडण पेटलं ते ‘अथनेशियन क्रीड’वरून. क्रीड म्हणजे श्रद्धेचा जाहीरनामा, उपासनेत सगळ्यांनी मिळून म्हणायचा. त्यातला छोटा आणि सोपा तो प्रेषितांचा. अथनेशियन क्रीड मात्र लांबलचक आहे. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा तीन असूनही देव एकच कसा, हे त्यात न्यायशास्त्राच्या पुस्तकासारखं सांगितलंय. आणि सुरुवातीला नि शेवटी इशारा आहे: हे असंच्या असं मानणार नाही त्याचा कायमचा नाश. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकानुसार तो वर्षातून तेरा ठरावीक दिवशी म्हणायचा असे. खुद्द इंग्रजांनाही ते शेवटचं कलम जड जात होतं. 1870 च्या सुमारास त्यावरून मोठा वाद होऊन गेला होता आणि क्रीड जागच्या जागी राहिला होता.

रमाबाईंनी ठाम सांगितलं की हा मी मानत नाही. मी येशूला मानते, बायबल मानते, बाप्तिस्मा मानते, पण हे त्रैक्याचं गणित मला बायबलमध्ये सापडत नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक आई म्हणवत. त्या हादरल्या. दोघींचा पत्रव्यवहार 1885 च्या आसपास इतका तापतो की कागदपत्रं वाचायला बसल्यावर मी चहा विसरते. सिस्टर म्हणतात, तू अजून लेकरू आहेस, आधी चर्चचं ऐक, समज नंतर येईल. रमाबाईंचं उत्तर थोडक्यात असं: भारतातल्या पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून काढलंय, तसंच दुसरं जू मी चढवून घेणार नाही.

एक मुद्दा मला फार आवडतो, हा माझा आहे, रमाबाईंचा नव्हे. चर्च ऑफ इंग्लंडच्या बाप्तिस्मा विधीत उमेदवाराला विचारतात तो प्रेषितांचा, छोटा क्रीड. अथनेशियन नाही. म्हणजे ज्या कराराचा भंग केल्याचा आरोप त्यांच्यावर होत होता, त्यात ते कलम मुळात नव्हतंच! चर्चच्या 39 कलमांपैकी सहावं कलम म्हणतं की तारणासाठी आवश्यक ते सारं बायबलमध्ये आहे, आणि आठवं म्हणतं की तिन्ही क्रीड मानलेच पाहिजेत कारण ते बायबलमधून सिद्ध होतात. रमाबाई सहाव्यावर उभ्या होत्या आणि सिस्टर आठव्यावर.

वाद फक्त त्रैक्याचाही नव्हता. जेवणाचा होता. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडं घातलेलं पुडिंगही नको म्हणत, आणि सिस्टरना त्यात जातीचा अहंकार उरलेला दिसे. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं का, यावरून होता. लॅटिन ना माझी भाषा ना माझ्या लोकांची, मग संस्कृत का नको, असं त्यांनी विचारलं. आणि एक तर अफाट प्रकरण आहे. रमाबाईंनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं असा विचार पुढे आला, तेव्हा सिस्टरनी लाहोर आणि मुंबईच्या बिशपांचं मत मागवलं. दोघांनीही नकार दिला. भारतीय समाजात त्याचा वाईट परिणाम होईल म्हणे. रमाबाईंनी कळवलं की माझ्या वडिलांनी नि नवऱ्याने कधी हरकत घेतली नाही, आणि इंग्रज लोक घेतात याचं मला आश्चर्य वाटतं. जी बाई कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत बसून आली होती, तिला हे!

सगळ्यात नाजूक जागा मनोरमा. आई चेल्टनहॅमला, चार वर्षांची मुलगी वाँटेजला सिस्टर्सकडे. आईला पटत नाही ती धर्मशिकवण मुलीला द्यायची की नाही? रमाबाईंनी स्पष्ट लिहिलं की द्यायची नाही. सिस्टरच्या दृष्टीने हे म्हणजे बाप्तिस्मा झालेल्या एका जिवाला धोक्यात घालणं. ‘खरा पंथ कुठला’ हा प्रश्न इथे वादसभेचा राहत नाही. चार वर्षांच्या पोरीला रात्री झोपताना कुठली प्रार्थना शिकवायची, इतका तो घरगुती होतो. आणि नाशाच्या त्या कलमाच्या हिशेबात दुष्काळात उपाशी मेलेले तिचे आजी-आजोबा कुठे बसतात, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

सिस्टर जेराल्डिनना खलनायिका करून टाकणं सोपं आहे, आणि पहिल्या वर्षी मी ते केलं होतं. आता तसं वाटत नाही. त्यांचं रमाबाईंवर आणि मनोरमेवर खरं प्रेम होतं. त्यांच्या विश्वात चर्चच्या शिकवणीबाहेर पडणं म्हणजे बुडत्याने दोर सोडणं. गंमत अशी, की हा सगळा पत्रव्यवहार आज आपल्याला वाचायला मिळतो तो त्यांच्यामुळेच. त्यांनी ही पत्रं जमवली, टिपणं जोडली. महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने 1977 मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनात ती छापली. तेव्हा वाचताना एक लक्षात ठेवावं लागतं: फाइल एका पक्षाने लावलेली आहे. तरीही त्यातून दुसऱ्या पक्षाचा आवाज इतका स्वच्छ येतो, यावरून तो किती खणखणीत असेल याचा अंदाज करा.

इथे मला रसायनशास्त्राची लॅब आठवते. तराजू अचूक आहे का हे तपासायला प्रमाणित वजन लागतं, आणि ते बाहेरून आणावं लागतं. त्याच तराजूवर तोलून ठरवलेलं वजन त्याच तराजूची परीक्षा घ्यायला वापरलं, तर तो दर वेळी पास होणारच. पंथांच्या तुलनेत मला हेच होताना दिसतं. हाय चर्चची मोजपट्टी बिशपांची अखंड परंपरा. मग बाप्टिस्ट नापास. बाप्टिस्टांची मोजपट्टी म्हणजे कळत्या वयात स्वतः विश्वास ठेवून घेतलेला बाप्तिस्मा. मग तान्ह्या बाळांना पाणी लावणारे सगळे नापास. युनिटेरियनांची मोजपट्टी देवाचं एकत्व आणि विवेकबुद्धी. मग त्रैक्यवाले सगळेच गोत्यात. प्रत्येक पंथ आपल्या परीक्षेत पहिला येतो. रमाबाईंनी बायबलचा मूळ मजकूर ही मोजपट्टी धरली, आणि तीही तटस्थ नव्हतीच. मजकूर वाचणार कोण, हा प्रश्न उरतोच. पण त्या प्रश्नाला त्यांचं उत्तर होतं: मी वाचणार. माझ्या मते वाँटेजमधलं खरं भांडण हे होतं. त्रैक्य हे निमित्त.

1886 च्या फेब्रुवारीत त्या अमेरिकेला निघाल्या. आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर होणार होत्या, त्या समारंभाला. काही महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि दोन वर्षांहून जास्त राहिल्या. आणि तिथे एक मजेदार गोष्ट होती. चर्च ऑफ इंग्लंडचीच अमेरिकन बहीण, एपिस्कोपल चर्च, हिने स्वातंत्र्यानंतर 1789 मध्ये आपलं प्रार्थनापुस्तक केलं तेव्हा अथनेशियन क्रीड गाळून टाकला होता. बिशप तसेच, परंपरा तीच, पण तो क्रीड नाही. अटलांटिक ओलांडला की एका बाजूचं पाखंड दुसऱ्या बाजूला साधं मौन ठरत होतं.

अमेरिकेत राजमान्य चर्चच नाही, सगळे पंथ लोकांच्या वर्गणीवर चालतात, हे पाहून रमाबाई चकित झाल्या. 1889 च्या ‘यूनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात त्यांनी धर्मपंथ आणि दानधर्म यांवर स्वतंत्र प्रकरण लिहिलंय. मिळालं तर जरूर वाचा, निरीक्षण बारीक आहे आणि मराठी मस्त. बॉस्टनमध्ये 1887 च्या अखेरीस त्यांच्या शाळेसाठी ‘रमाबाई असोसिएशन’ निघाली. अध्यक्ष एडवर्ड एव्हरेट हेल, युनिटेरियन. उपाध्यक्षांत फिलिप्स ब्रूक्स एपिस्कोपल, जॉर्ज गॉर्डन काँग्रिगेशनल, फ्रान्सिस विलार्ड मेथडिस्ट. देव एक की तीन यावर ज्यांचं एकमत होणं अशक्य, ती माणसं मराठी विधवांच्या शाळेच्या हिशेबावर सह्या करत होती.

11 मार्च 1889 ला मुंबईत शारदा सदन उघडलं ते याच अटीवर, की धर्म कुणावर लादायचा नाही. पुण्यात गेल्यावर ही अट दोन्हीकडून टोचली. मिशनऱ्यांना वाटे हे पुरेसं ख्रिस्ती नाही, ‘केसरी’ला वाटे हे फार ख्रिस्ती आहे. 1893 मध्ये रानडे-भांडारकरांसह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले. मधे 1891 च्या सुमारास रमाबाईंचा स्वतःचाही पालट झाला. विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचं आत्मचरित्र वाचून त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. इथे ‘लो चर्च’वाले खूश होऊन म्हणतील, बघा, शेवटी आमच्याकडे आल्या. तसंही म्हणता येत नाही. केडगावला मुक्तीचं जे चर्च उभं राहिलं, ते त्यांनी कुठल्याच पंथाला जोडलं नाही.

1905 च्या जूनअखेरीस त्याच केडगावात जे झालं ते सिस्टर जेराल्डिनच्या कल्पनेतही बसलं नसतं. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडू लागल्या, अंगात आग उतरल्यासारखं वाटतंय म्हणू लागल्या. पुढे अनोळखी भाषांतून बोलणंही सुरू झालं. शिस्तीच्या मिशनऱ्यांनी नाकं मुरडली. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली, पण अनोळखी भाषा बोलली तरच पवित्र आत्मा मिळाला, हा पुढे अमेरिकेत रुळलेला नियम मात्र मानला नाही. पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास सांगताना बहुतेक पुस्तकं लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटपासून सुरुवात करतात, एप्रिल 1906. केडगाव त्याच्या आधीचं आहे. आणि केडगावची ठिणगी लांब गेली. मुक्तीत काम करणाऱ्या मिनी अब्राम्स या मेथडिस्ट बाईंनी 1906 मध्ये यावर पुस्तिका लिहिली आणि चिलीतल्या मैत्रिणीला, मे हूव्हर यांना पाठवली. तिथे 1909 मध्ये मेथडिस्ट चर्च फुटून पेंटेकोस्टल चर्च निघालं. चिलीतल्या प्रोटेस्टंटांमध्ये आज पेंटेकोस्टल सर्वांत जास्त आहेत. दौंड तालुक्यातल्या एका गावाचा आणि व्हालपरायसो बंदराचा असा संबंध असेल हे मला एम.एस्सी. करताना कुणी सांगितलं असतं, तर मी पुरावा मागितला असता.

म्हणजे कुठल्याच पंथाची न झालेली बाई एका नव्या पंथाच्या जन्माला कारण झाली. त्यांना हे आवडलं असतं का, मला शंका आहे.

शेवटची वर्षं त्यांनी बायबलच्या मराठी भाषांतरात घालवली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, एकटीने, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ज्या संस्कृत शब्दांना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येतो ते टाळून. संस्कृत क्रूसावर हवं म्हणणारी पंडिता भाषांतरात संस्कृत बाजूला ठेवते, यावर एक वेगळी पोस्ट लिहायची आहे. 1921 मध्ये मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई, आणि ते बायबल 1924 मध्ये छापून बाहेर आलं.

तर पुढच्या वेळी कुणी ताट हातात धरून विचारलं की बेस्ट पंथ कुठला, तर मी त्यांना चर्च ऑफ इंग्लंडची दिनदर्शिका दाखवणार आहे. त्या चर्चमध्ये दरवर्षी 30 एप्रिलला ‘पंडिता मेरी रमाबाई, बायबलच्या भाषांतरकार’ यांचं स्मरण केलं जातं. आणि अथनेशियन क्रीड? प्रार्थनापुस्तकात तो अजून छापलेला आहे. म्हणणारं चर्च मात्र शोधावं लागतं.